लागोपाठच्या मूळ संख्या



हिंजवडीचा संगणकांचा कारभार आपल्या कासारसाईहून फार दूर नाही. परंतु आजच्या विषयाला प्रारंभी कागद-पेन्सिल पुरे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी आकड्यांशी आयुष्यभर मैत्री केली ती अशीच, हाताने.

एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कोणी निःशेष भागू शकत नाही, ती मूळ संख्या. ५ च्या पुढील प्रत्येक मूळ संख्येच्या एकमस्थानी १, ३, ७ किंवा ९ हाच अंक असतो. दूरवर मोजीत गेले तर चौघांचा वाटा सारखा पडतो, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले. मूळ संख्या फाशांसारख्या पडतात असे मानले, तर १ ने संपणाऱ्या संख्येच्या पाठोपाठ येण्याची संधीही चौघांना सारखीच हवी. पण यादी करून पाहा: एकच अंक लागोपाठ दोनदा यायला थेट १३९ आणि १४९ पर्यंत थांबावे लागते!

२०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट लेम्के ऑलिव्हर आणि मद्रासेत वाढलेले कण्णन सौंदरराजन यांनी पहिल्या दहा कोटी मूळ संख्यांचा हिशेब मांडला. १ नंतर पुन्हा १ आला ४६,२३,०४२ वेळा. ३ आला ७४,२९,४३८ वेळा, ७ आला ७५,०४,६१२ वेळा आणि ९ आला ५४,४२,३४५ वेळा.

आपण म्हणाल, यात नवल कसले? १ नंतर पाळी ३ ची, मग ७ ची, ९ ची. दुसरा १ रेशनच्या रांगेत शेवटी उभा, त्याच्या वाट्याला कमीच येणार. हे खरे, पण अपुरे. रांगेत ३ पहिला असताना ७ त्याच्यापुढे ७५,१७४ नी गेला कसा? येथे तीनचा पाढा आडवा येतो. मूळ संख्येत २ मिळवले की सुमारे निम्म्या वेळी बेरजेला ३ ने भाग जातो. ६ मिळवले तर, ३ हीच संख्या सोडता, कधीच जात नाही. तेव्हा १ वरून ७ वर जाणारी वाट अधिक मोकळी.

या दोघांनी हार्डी आणि लिटलवुड यांच्या १९२३ च्या अनुमानावरून या पक्षपाताचे सूत्र काढले. त्याप्रमाणे संख्या वाढतील तसा पक्षपात ओसरतो, पण अतिशय सावकाश. मात्र ते अनुमान स्वतःच अजून असिद्ध आहे; मला तर खरी मौज येथेच वाटते. १३९-१४९ नंतरची अशी जोडी १८१-१९१. तिच्या पुढची आपण घरी शोधा.