उंबराच्या फळापासून मगरीपर्यंत

शाळेत मुलांना भोवती बसवून हे भाषण ऐकणाऱ्या गुरुजींनो व बाईंनो, आजचे बोलणे शेवटी तुमच्याच पदरात पडणार आहे.

आज आपण कृष्णाकाठी जाऊ. महाबळेश्वराच्या डोंगरात उगवलेली ही नदी वाईवरून खाली येते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि पुढे भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ करीत सांगलीकडे वळते. या पट्ट्यात नदी संथ आहे, डोह खोल आहेत. काठावर उंबराचे झाड नाही असे गाव विरळाच. उंबर पिकला की फळे पाण्यात टपटप पडतात. तुम्ही घाटावर बसून पाहिले असेल, फळ पडले की खालून पाणी हलते आणि फळ नाहीसे होते. खडशीसारखे मासे उंबराच्या फळावर टपूनच असतात. जे फळ माशाच्या तोंडून सुटते ते तळाशी कुजते, आणि त्यावर गोगलगाई आणि खेकडे पोसतात.

म्हणजे नदीतल्या जिवांचे अन्न सगळे नदीतच पिकते असे नाही. बरेचसे काठावरून येते. पान पडते, फळ पडते, टोळ उडताना चुकून पाण्यात पडतो, पहिल्या पावसात शेतातली माती आणि गवत वाहून येते. काठची झाडे तोडली तर नदीच्या ताटातली एक वाटी आपण काढून घेतली असे समजा.

दुसरी वाटी पाण्यातली. उथळ जागी दगडावर पाय ठेवला की घसरतो ना? तो बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. नदीचे कुरणच ते! तो दगड उलटा करून बघा. खाली चपटा, तीन शेपट्यांचा एक किडा दगडाला चिकटून पळताना दिसेल. बारीक खडे लाळेने जोडून त्याची नळी करून राहणारी एक अळी दिसेल, गवंड्याला लाजवील असे तिचे काम असते. चतुराचे पिल्लूही सापडेल. आकाशात भिरभिरणारा चतुर आपण पाहतो, पण त्याचे बालपण पाण्यात जाते, आणि तेव्हा तो मोठा खादाड असतो. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो एकदम पुढे फेकून तो डासाची अळी पकडतो. गावात डास वाढले म्हणून आपण तक्रार करतो, पण ओढ्यातले चतुर कुठे गेले हे कोणी विचारीत नाही.

या किड्यांवर झिंगे आणि लहान मासे जगतात. लहान माशांवर मरळ, वाम आणि शिवडा. माशांवर वरून खंड्या झडप घालतो, पाणकावळा बुडी मारतो, बगळा एका पायावर उभा राहून वाट पाहतो. आणि डोहात मगर.

इथे गुरुजींना एक हिशेब सांगतो, फळ्यावर मांडायला सोपा आहे. रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली एका तळ्याचा अभ्यास करून हा विचार मांडला. खाल्लेल्या अन्नातला बराचसा भाग प्राण्याच्या श्वासात, हालचालीत आणि विष्ठेत जातो. अंगी लागतो तो साधारण दहावा हिस्सा. मग १००० किलो शेवाळावर किडे पोसले जातील १०० किलो, त्यांच्यावर लहान मासे १० किलो आणि त्यांच्यावर मोठा मासा एक किलो. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक ठिकाणी थोडे इकडेतिकडे होतात. पण मगर का थोड्या आणि किडे का अगणित, हे त्यातून मुलांना कळते.

मात्र ही शिडी काढून थांबू नका. शिडी खरी नाही, खरे आहे ते जाळे. मगरीचेच बघा. मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्ले बाहेर येतात. अंडी घोरपड आणि मुंगूस उकरून खातात. पिल्लू वीतभर असते तेव्हा बगळा ते गिळतो. तेच पिल्लू मोठे झाले की बगळ्याला खाते! आता बगळा वर का मगर वर? आणि म्हातारी मगर मेली की तिला कासवे, खेकडे आणि किडे खातात, म्हणजे वरचे टोक पुन्हा तळाला येऊन मिळते.

मगरीविषयी जरा जास्त बोलतो, कारण कृष्णाकाठी हा विषय निघाला की आवाज चढतात. काठावरच्या गावांत मगरीने माणसांवर हल्ले केले आहेत, जीव गेले आहेत. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना जाळ्याच्या गोष्टी सांगणे शोभत नाही. जिथे मगर दिसते तिथे धुण्याला, पोहायला उतरू नये, जनावरे पाण्यात बसवू नयेत, हे सांगितलेच पाहिजे. पण ‘मगरीने मासे संपवले’ हे जे म्हणतात ते मला पटत नाही. मगर या नदीत कालपरवा आली नाही. मासे भरपूर होते तेव्हाही ती होतीच. ती मेलेली जनावरे खाते, आजारी मासे खाते, मोठे शिकारी मासेही खाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे, तिला मारणे गुन्हा आहे. मासे कमी झाले त्याची कारणे दुसरीकडे शोधली पाहिजेत.

कुठे? एप्रिल-मे महिन्यांत, पाणी कमी असताना, एखाद्या पहाटे घाटावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. असा खच मी पाहिला आहे. बोटाएवढ्या माशांपासून हातभर लांबीच्या माशांपर्यंत, सगळे पांढरी पोटे वर करून. पहाटेच का, हे समजून घ्या. साखरेची मळी किंवा गावाचे सांडपाणी नदीत आले की ते खाणारे सूक्ष्म जंतू बेसुमार वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. दिवसा शेवाळ प्राणवायू देते. रात्री ते देत नाही, उलट घेते. म्हणून पहाटेला पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी उरतो. आधी मासे वर येऊन तोंडे उघडतात, मग मरतात. त्यात विष घातले असेलच असे नाही. मासे गुदमरून मेले असतात.

विष घालणारेही आहेत, दुर्दैवाने. डोहात पावडर टाकून किंवा सुरुंग उडवून मासे धरणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंद आहे, तरी होते. सुरुंगाने दहा मासे हाती लागतात आणि अंडी, पिल्ले, किडे, शेवाळ, सगळेच जाते. उलट महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाही आणि डोहात खडशीची जात टिकून आहे. अशा मोठ्या माशाला अंडी घालायला स्वच्छ, वाहते पाणी आणि खडीवाळूचा तळ लागतो. वाळू उपसून नेली की मासा येतो, जागा शोधतो आणि परत जातो.

खडशी म्हटले म्हणून एक आठवले. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरून गेला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय नावे ठेवली. ती ठेवताना त्याने आपल्या इथली नावेच उचलली. खडशीचे झाले खुद्री, कोळशीचे झाले कोलस. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आज ही नावे घेतो तेव्हा नकळत मराठी बोलतो. आता पुष्कळ पोरांना ही नावे ठाऊक नाहीत, कारण बाजारात त्यांना चिलापीच दिसते. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली. घाण पाण्यातही तग धरते, सतत विते आणि इतरांची जागा घेते. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा आला हे खरे. पण इतर मासे जाऊन चिलापीच उरली, तर एका रोगात सगळा डोह ओस पडेल.

गुरुजी, आता तुमचे काम. हिवाळ्यात एका सकाळी मुलांना घेऊन ओढ्यावर जा. डोहावर नको, मगरीच्या पाण्यावर तर मुळीच नको. घोट्याएवढे पाणी, सोबत दोन मोठी माणसे. एकेक दगड उलटून खालचे जीव मोजा आणि वहीत लिहा, नाव ठाऊक नसेल तर चित्र काढा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजा. आणि मोजून झाले की दगड होता त्याच जागी, त्याच बाजूने हळूच ठेवा. खालचे किडे अजून त्याला चिकटलेले असतात.