अमक्याची बायको, तमक्याची आई



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एका ताईने विचारलं, “आपल्या आज्या मत द्यायला जायच्या का हो?” कुणालाच सांगता येईना. म्हणून आम्ही चौघी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो आणि तिथलं जुनं ग्रंथालय गाठलं.

ग्रंथपालांनी जुन्या वर्तमानपत्रांची बाडं काढून दिली. कागद पापडासारखा, जपून उलटावा लागे. सोबत पहिल्या निवडणुकीचा सरकारी अहवालही दिला. तो इंग्रजीत. आमच्यातली एक वाचायची आणि मराठीत सांगायची. एकीने हळूच विचारलं, “आमच्या सासऱ्यांनी कुणाला मत दिलं, ते सापडेल का?” नाही बाई! किती मतं पडली ते कागदावर असतं. कुणी कुणाला दिलं ते गुपितच. हे आपणही लक्षात ठेवावं, कुणी धाक दाखवला तर उपयोगी पडतं.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार १७ कोटींच्या वर. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, झालं मतदान. यातल्या कितीतरी लोखंडी पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या.

पुढे एका पानावर आम्ही थांबलो. मतदार बाया होत्या जवळपास आठ कोटी. त्यांतल्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून काढून टाकली होती. का? तर त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. “अमक्याची बायको”, “तमक्याची आई” एवढंच लिहून दिलं. परक्या माणसापुढे बाईने आपलं नाव घ्यायचं नाही, अशी तिकडची रीत. ही नावं बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांतली. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की बाईचं स्वतःचं नाव यादीत हवंच. नाव नाही, तर मत नाही.

आधी आम्हाला हसू आलं. मग एकीने म्हटलं, “आपल्यालाही गावात बंड्याची आई म्हणूनच ओळखतात की!” हसू थांबलं.

घरी आल्यावर आम्ही आमच्या गटाची नावं मतदार यादीत शोधली. बारा जणींपैकी एकीचं नाव अजून माहेरच्या गावात. एकीच्या नवऱ्याचं नाव चुकलेलं. आणि एकीचं नावच नाही. ही तीच ताई, जी येत्या ग्रामपंचायतीला महिला जागेवर उभी राहायचं म्हणत होती. विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी होते. त्यात नाव नाही, तर उभंही राहता येत नाही. ती म्हणाली, “मी दोन वर्षं गावाचं पाणी-पाणी करते, आणि गावाच्या कागदावर मी नाहीच!”

आता तिचा फॉर्म भरून झालाय. तुम्हीही बघा. नवं नाव घालायला ६ नंबरचा फॉर्म. चूक दुरुस्त करायला किंवा माहेरचं नाव सासरच्या यादीत आणायला ८ नंबरचा. गावच्या बीएलओकडे द्या, काही अडलं तर १९५० नंबरला फोन करा. निवडणूक लागायची वाट पाहू नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

१९६२ साली लोकसभेला शंभर पुरुषांमागे जवळपास ६३ मत द्यायचे, बाया मात्र जवळपास ४७. २०१९ साली दोघंही ६७ च्या घरात, आणि बाया जराशा पुढेच. एवढं अंतर आपल्या आयाबहिणींनी पायी कापलंय.

आमच्या बैठकीत आता हजेरीला प्रत्येकीने स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं, असं ठरलंय. पहिल्या दिवशी दोन आज्या लाजल्या. आता त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.