सीमेपलीकडे पहिल्यांदा मोटारसायकलवरून

(संस्थेच्या तंत्रशाळेतील विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना म्हणालो, की मी जन्मभर पान्हे हाताळलेला माणूस, व्यासपीठावर उभा राहून काय बोलणार? ते म्हणाले, "आपली काही मुले मोटारसायकलवरून नेपाळला जाण्याचा बेत करीत आहेत. त्यांच्याशी बोला." आता या विषयाला नाही म्हणणे मला शक्य नव्हते, कारण या परीक्षेत मी एकदा चांगला नापास झालेलो आहे.

तुमच्या उत्साहावर पाणी टाकावे असा माझा हेतू नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी तिघे मार्च 1928 मध्ये जगाला फेरी मारून मुंबईत परतले. त्यांच्यापुढे तुमची गिअरची गाडी म्हणजे चैनच. तेव्हा जा, अवश्य जा. आणि पहिला परदेश म्हणून तुम्ही नेपाळ निवडलात हेही मला पसंत आहे. तेथे आपल्याला व्हिसा लागत नाही, वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, आपला वाहन परवाना चालतो आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या देवनागरीत असतात. त्याहून लांबच्या देशांचा विचार मनात असेल तर तो तूर्त मनातच ठेवा. इराणसारख्या देशात आपली गाडी न्यायची तर कार्नेट नावाची पुस्तिका लागते. 'ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेईन' याची ती हमी. तिच्यासाठी मोठी रक्कम किंवा बँकेची हमी अडकवून ठेवावी लागते. आपल्याला नेपाळात तिचे काम नाही. पण नेपाळ सोपे आहे, याच समजुतीने मी फसलो.

ऑक्टोबर 2013 मधली गोष्ट. मी आणि माझा एक सोबती, दोघांच्या दोन गाड्या, दीडशे सीसीच्या. गाडीच्या तयारीत मी काडीची कसूर ठेवली नव्हती. नवी चेन व स्प्रॉकेट, नवे ब्रेक शू, नवा प्लग, क्लचची व ॲक्सिलरेटरची जादा केबल, दोन ट्यूब, हवेचा पंप. सोबत्याच्या गाडीचेही सर्व काम मीच केले. नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज करीत आम्ही चौथ्या दिवशी गोरखपूरला मुक्काम केला. पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता सोनौलीच्या सीमेवर हजर. तोपर्यंत एक पंक्चरसुद्धा नाही! माझी छाती दोन इंच फुगलेली होती.

नेपाळात जकातीला भन्सार म्हणतात. भारतीय गाडीला तेथे दिवसाच्या हिशेबाने पैसे भरून परवानगी काढावी लागते. मी कागद पुढे केले. खिडकीमागच्या गृहस्थांनी ते शांतपणे एकाखाली एक मांडले आणि विचारले, "गाडीचा मालक कोण?" मी म्हटले, मीच. ते म्हणाले, "मग हे तीन वेगळे लोक कोण?"

मित्रहो, आपल्यापैकी किती घरांत हा प्रकार आहे, ते हात वर करून सांगायला मी तुम्हाला लावत नाही. माझ्या मतदार ओळखपत्रावर आडनाव आधी होते, वाहन परवान्यावर ते शेवटी. एका ठिकाणी महंमद, दुसऱ्या ठिकाणी मोहम्मद, आणि आर.सी.वर नुसता 'एम'. शाळेत गुरुजींनी एक लिहिले, कचेरीत कारकुनाने दुसरे, एजंटाने जागा कमी पडली म्हणून तिसरे. गावात आपल्याला सगळे ओळखतात, म्हणून त्याचे काही वाटत नाही. सीमेवर मात्र माणूस म्हणजे त्याचा कागद. त्या गृहस्थांचा मला राग आला होता, पण आज सांगतो, त्यांचे काहीच चुकले नव्हते. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र हवे, एवढेच ते म्हणत होते. आणि मी माझ्याच गाडीसाठी माझेच अधिकारपत्र कोठून आणणार?

धाकट्या भावाला फोन करून घरातले जुने दाखले शोधायला लावले, ते त्याने ई-मेलने पाठवले, बाजारातल्या एका दुकानात छापून घेतले, आणि हातापाया पडून काम झाले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. साडेपाच तास गेले. त्या गडबडीत मी परवानगीही मोजून सात दिवसांची काढली. चार पैसे वाचवले, असे तेव्हा वाटले.

आमचा त्या दिवसाचा बेत मुगलिंगपर्यंत जाण्याचा होता. भैरहवा, बुटवल आणि पुढे तराईचा सपाट रस्ता. नारायणघाटला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. तेथून मुगलिंग 36 किलोमीटर. सोबती म्हणाला, "आता येथेच थांबू." मी म्हणालो, "छत्तीस किलोमीटर म्हणजे काय? तास लागणार नाही." सकाळचे साडेपाच तास मला वसूल करायचे होते. तो माझ्याहून लहान, माझा शब्द मोडवेना म्हणून निघाला.

नारायणघाट ते मुगलिंग हा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाकाठाने डोंगर कोरून नेलेला आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. काठमांडूचा माल नेणारे ट्रक रात्रंदिवस चालू. आठव्या-नवव्या किलोमीटरला समोरून आलेल्या ट्रकच्या झोताने सोबत्याचे डोळे दिपले, चाक खडीवर गेले आणि तो पडला. नदीच्या बाजूला नव्हे, कड्याच्या बाजूला पडला, याबद्दल मी आजही परमेश्वराचे आभार मानतो. गळ्याजवळचे हंसळीचे हाड मोडले होते. त्याच ट्रकच्या चालकाने गाडी थांबवून त्याला उचलून केबिनमध्ये बसवले आणि नारायणघाटला जोडून असलेल्या भरतपूर शहरात रुग्णालयात पोहोचवले.

तेथे विम्याचा कागद काढला, तेव्हा मला दुसरा धडा मिळाला. आपल्या मोटार विम्याची हद्द साधारणपणे भारतापुरती असते. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांपर्यंत ती वाढवून घेता येते, पण ते निघण्यापूर्वी, आणि लेखी. आम्ही विचारलेच नव्हते. आरोग्य विम्याचेही बहुधा तसेच. उपचार भारतात झाले तरच पैसे. रुग्णालयाचे बिल आम्ही दोघांच्या खिशांतून भरले, आणि त्यातच मुक्काम व पेट्रोलचे पैसे संपले.

आता सात दिवसांचे पाहा. सोबती गाडी चालवू शकत नव्हता. त्याची गाडी त्या देशात परवानगीच्या मुदतीपलीकडे राहिली असती तर दंड, आणि दंडावर भागले नाही तर जप्ती. त्याला रुग्णालयात ठेवून मी गाडी उचलणारा ट्रक शोधत फिरलो. सातव्या दिवशी सायंकाळी त्याची मोडकी गाडी ट्रकमधून आणि माझी धडधाकट गाडी मागून, अशी वरात सोनौलीला पोहोचली. काठमांडू आम्ही पाहिलेच नाही.

म्हणून आता तुमची तयारी कोठून सुरू करायची ते सांगतो. घरातल्या जेवणाच्या चटईवर. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, वाहन परवाना, आर.सी., विमा, पी.यू.सी. हे सर्व शेजारी शेजारी मांडा आणि नावाचे एकेक अक्षर जुळवा. जुळत नसेल तर दुरुस्तीला दोन-तीन महिने द्या; प्रवासाची तारीख मागाहून ठरवा. आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका. पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या माणसाला नेपाळात जाण्यासाठी ते ओळखीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचे सहीचे अधिकारपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत बरोबर हवी. प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढा. एक संच सोबत्याच्या पिशवीत, एक घरी.

भन्सारची परवानगी लागतील त्यापेक्षा दोन दिवस जास्त काढा. एका वर्षात एकूण तीस दिवसांची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरून उरेल. मात्र पावतीवरची तारीख नीट समजून घ्या. नेपाळात विक्रम संवत चालते. आपले 2025 साल तेथे संवत 2082 असते आणि महिनेही आपल्या इंग्रजी महिन्यांशी जुळत नाहीत. 'मुदत कोणत्या दिवशी संपते, बोटाने दाखवा,' असे खिडकीवरच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. घड्याळ तेथे पंधरा मिनिटे पुढे असते, तेही लावून घ्या.

पैशांबद्दल एवढेच, की शंभराच्या नोटा न्या. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांना बंदी केली होती. हे नियम बदलत असतात. शंभराच्या नोटेचा वाद कोठेच होत नाही. आपल्या एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर 1993 पासून ठरलेला आहे, तेव्हा हिशेब तोंडी करता येतो. 2024 पासून मोबाईलने पैसे देण्याची सोयही तेथे अनेक दुकानांत झाली आहे, पण डोंगरात मोबाईल मुका होतो.

गाडीबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही तंत्रशाळेचे विद्यार्थी आहात आणि माझी गाडी तर शेवटपर्यंत उत्तम चालली होती! एकच सांगतो. निघण्यापूर्वी महिनाभर आधी सर्व सामान बांधून दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन या. उतारावर लहान गिअर टाकून, ब्रेक जपून गाडी कशी आणायची ते रिकाम्या गाडीवर समजत नाही. परत आल्यावर पिशवी उघडा, ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागला नाही ती घरी ठेवा. औषधे आणि जादा केबल यांना हा नियम लावू नका, म्हणजे झाले.

काळ निवडताना पावसाळा टाळा. त्याच नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर सिमलताल येथे जुलै 2024 मध्ये दरड कोसळून प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि 27 माणसे गेली. ही नावे ऐकून घाबरा असे मी म्हणत नाही. पण नकाशावरचे छत्तीस किलोमीटर नागपूर रस्त्याच्या छत्तीस किलोमीटरांसारखे मोजू नका. डोंगरात दिवसाला दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर किंवा मार्च हे महिने चांगले. निघण्यापूर्वी तेथील बातम्याही वाचा. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटले आणि संचारबंदी लागून विमानतळसुद्धा बंद झाला. त्या दिवसांत जो तेथे अडकला, त्याला गाडीचा काय उपयोग?

नेपाळात पोलिसांचा क्रमांक 100, रुग्णवाहिकेचा 102 आणि वाहतूक पोलिसांचा 103. आपला राजदूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे. हे कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईलमध्ये नव्हे.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, की नेपाळचा फोन 977 या आकड्यांनी सुरू होतो. हे मी का सांगतो? त्या रात्री भरतपूरहून मी सोबत्याच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने अनोळखी, विचित्र नंबर पाहून दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि मी नाव सांगताच त्या म्हणाल्या, "बेटा, तू बोलतोस, मग तो का बोलत नाही?" गावी परतल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला चहा दिला, जेवून जा म्हणाल्या, आणि त्या प्रवासाविषयी एक शब्दही विचारला नाही. मला वाटत होते, त्यांनी मला चार शब्द सुनवावेत.

नोव्हेंबर 2017 मध्ये आम्ही दोघे पुन्हा गेलो. या वेळी परवानगी मागायला तो त्यांच्याकडे गेला नाही, मी गेलो. सगळे कागद पुढ्यात मांडून दाखवले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, तरी प्रत्येक कागद त्यांनी हातात घेऊन पाहिला.

त्या खेपेला सीमेवरचे काम तासाभरात उरकले. नारायणघाटला पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते, चांगले लख्ख ऊन होते आणि रस्ता कोरडा होता. सोबत्याने माझ्याकडे पाहिले. मी गाडी एका लॉजसमोर लावली आणि दोन चहा सांगितले. मुगलिंग आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले.