विठ्ठलभाई पटेल : नगरसभेपासून असेंब्लीच्या आसनापर्यंत

मुंबईच्या नगरसभेच्या अध्यक्षास ‘मेयर’ ही पदवी मिळाली ती १९३१ सालीं. त्यापूर्वीं ज्यांनीं ती खुर्ची भूषविली त्यांपैकीं विठ्ठलभाई पटेल हे १९२४ सालीं तेथें अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षीं ते मध्यवर्ती असेंब्लीचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष झाले.

वल्लभभाईंचे हे वडील बंधु. कायदेमंडळ त्यांना नवखें नव्हतें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें गोखल्यांचें बिल १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळानें फेटाळलें होतें. तेंच कार्य विठ्ठलभाईंनीं मुंबई कौन्सिलांत हातीं घेतलें आणि १९१८ सालीं कायदा करवून घेतला. नगरपालिकांना शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा त्यानें मिळाली. मुभा निराळी आणि भरलेली शाळा निराळी, हें खरें. पण गोखल्यांना जें साधलें नाहीं त्याचा एक तुकडा तरी या गृहस्थानें पदरांत पाडून घेतला.

ऑगस्ट १९२५ मध्यें सिमल्यास निवडणूक झाली. विठ्ठलभाईंना ५८ मतें, प्रतिस्पर्धी रंगाचारियर यांना ५६. स्वराज्यपक्षाचा हा कडवा सभासद आतां खुर्चीवर बसून पक्षाचेंच काम करील, अशी पुष्कळांस धास्ती होती. त्यांनीं त्याच क्षणीं पक्षाचा संबंध सोडल्याचें जाहीर केलें. मार्च १९२६ मध्यें स्वराज्यपक्ष सभात्याग करून गेला, तेव्हां त्यांचा तोल थोडा ढळला. सभा बेमुदत तहकूब करूं, अशा अर्थाचे शब्द तोंडून गेले. दुसऱ्या दिवशीं, असे शब्द आपण वापरावयास नको होते, हें त्यांनीं भर सभेंत कबूल केलें. खुर्चीची ऐट मिरविणारे पुष्कळ असतात. त्याच खुर्चीवरून चूक कबूल करणें अवघड. १९२७ सालीं त्यांची फेरनिवड बिनविरोध झाली, ती उगाच नव्हे.

खरी कसोटी पुढेंच होती. साम्यवादाचा प्रचार करणाऱ्या परकीयांना हद्दपार करण्याचा अधिकार मागणारें सार्वजनिक सुरक्षिततेचें बिल सरकारनें १९२८ सालीं आणलें. तें विचारार्थ घ्यावें कीं नाहीं यावर दोन्हीं बाजूंस ६१-६१ मतें पडलीं. निर्णय अध्यक्षांच्या एका मतावर आला. असा असाधारण कायदा ज्यांना हवा त्यांनीं सभेचें बहुमत स्वतः मिळवावें, अध्यक्षांच्या मतावर तो तगूं नये, असें सांगून विठ्ठलभाईंनीं विरुद्ध मत दिलें.

सरकारनें १९२९ सालीं तेंच बिल पुन्हां पुढें केलें. तोंच मार्चमध्यें मीरतचा खटला उभा राहिला. खटल्यांतील मुद्यांना स्पर्श न करतां बिलावर चर्चा व्हावी कशी? विठ्ठलभाईंनीं सरकारला सुचविलें कीं, एकतर खटला मागें घ्या, नाहींतर बिल लांबणीवर टाका. सरकारला दोन्हीं नको होतें. ८ एप्रिलला दिल्लीस, ते आपला निर्णय सांगण्यास उभे राहत असतांनाच, भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं प्रेक्षकांच्या सज्जांतून बाँब टाकले. सभागृह धुरानें भरलें. एखादा दुबळा मनुष्य अशा वेळीं सरकारच्या बाजूस सहज झुकला असता. तीन दिवसांनीं विठ्ठलभाईंनीं निर्णय दिला : बिलावर पुढें चर्चा होणार नाहीं. व्हाइसरॉय आयर्विन यांना शेवटीं तोच मजकूर वटहुकुमानें अमलांत आणावा लागला. सभेनें तो मंजूर केला, असें म्हणावयास मात्र सरकारला जागा उरली नाहीं.

त्याच वर्षीं जानेवारींत असेंब्लीची कचेरी सरकारी खात्यापासून वेगळी होऊन अध्यक्षांच्या हाताखालीं आली होती. तीही त्यांच्याच चिकाटीचें फळ. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां, १९३० च्या एप्रिलमध्यें, त्यांनीं अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मग तुरुंग, ढासळलेली प्रकृति आणि उपचारासाठीं युरोप. २२ ऑक्टोबर १९३३ रोजीं जिनेव्हाजवळ त्यांचा अंत झाला. आजारांत सुभाषबाबू उशाशीं होते. देह मुंबईस आणून सोनापुरांत दहन झालें. चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापासून जवळच त्यांचाही पुतळा उभा आहे.