आजी नक्की कुठल्या साली जन्मली?

आज पैठणहून बोलतोय. मागे गोदावरीचा वारा ऐकू येईल, सांभाळून घ्या.

घरच्या जुन्या वहीवरून वंशावळीचं ॲप करायला बसलो. पहिलीच नोंद आजीची: ‘फाल्गुन वद्य ६, शके १८६९’. म्हणजे नाथषष्ठी. हा दिवस पैठणात कुणाला सांगावा लागत नाही, पण पायथनला सांगावा लागतो!

आकडे सोपे गेले. पायथनचं ‘इंट’ देवनागरी ‘१८६९’ थेट वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ म्हणत हात वर करतं. मग शकात ७८ मिळवले, आलं १९४७. आजी म्हणाली, “अरे, मी स्वातंत्र्यानंतरची!”

आजी बरोबर होती. शक बदलतो गुढीपाडव्याला. शके १८६९ सुरू झालं मार्च १९४७ मध्ये, त्याचा फाल्गुन उजाडला १९४८ च्या मार्चमध्ये. तिथे ७९ हवेत. चैत्र ते कार्तिक ७८, माघ-फाल्गुन ७९. मार्गशीर्ष आणि पौष मात्र कधी १ जानेवारीच्या अलीकडे, कधी पलीकडे. त्यांना सरळ नियम नाही.

गंमत बघा, खुद्द एकनाथ महाराजांच्या बाबतीत हेच झालंय. समाधी फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१. शेजारी बहुतेक ठिकाणी इ.स. १५९९ छापलेलं असतं. पण शके १५२१ चा फाल्गुन येतो १६०० मध्ये! ज्या शकाला शालिवाहनाचं, म्हणजे पैठणच्या राजाचं नाव, त्यातच पैठणकरांचा हिशेब चुकावा?

मग वाटलं, आयसीयू लायब्ररीत ‘इंडियन’ कॅलेंडर आहे, तेच वापरू. उत्तर आलं २५ फेब्रुवारी १९४८. साल बरोबर, तारीख साफ चूक. कारण ते सरकारी राष्ट्रीय कॅलेंडर, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं, सूर्यावर चालणारं. त्यात शुद्ध-वद्य नाहीच, त्याने ‘वद्य ६’ मधला फक्त ६ उचलला... म्हणजे मीच तेवढा दिला होता.

तिथी चंद्रावर चालते, तिला पंचांगच लागतं. शेवटी त्या वर्षाच्या पंचांगाचा तक्ताच कोडमध्ये टाकला. तारीख आली मार्चअखेरची. आणि वहीतली मूळ ओळ डेटाबेसमध्ये जशीच्या तशी ठेवली. तुम्हीही ठेवा, उद्या कोड चुकला तर तीच उपयोगी पडेल.

आजीला तारीख दाखवली. तिने आधार कार्ड पुढे केलं. त्यावर १ जून. शाळेत गुरुजींनी टाकलेली.