झोपण्याच्या खोलीतील हवा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीची उन्नती, विद्यार्थी-साहाय्य, हुंडाबंदी या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपुरते, उभा जन्म पाढे आणि सामान्य विज्ञान शिकविण्यात गेला. सबब एक घरगुती, कित्येकांस क्षुल्लक वाटेल असा विषय आम्ही घेतला आहे. तो म्हणजे झोपण्याच्या खोलीतील हवा. आणि त्यातही बाळंतिणीच्या खोलीतील हवा. हा विषय क्षुल्लक नाही, हे आम्ही आपल्या घरच्या अनुभवाने शिकलो.

सन २०१३ च्या पावसाळ्यात आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचे घर म्हणजे सिमेंटच्या इमारतीतील दोन खोल्या. त्यांतील आतली, दहा फूट लांब व दहा फूट रुंद, तिच्यासाठी मोकळी केली. बाळंतिणीस वारा लागू नये म्हणून थोरल्या आक्कांनी खिडकी घट्ट लावविली, फटींत चिंध्या कोंबविल्या, दारास जाड पडदा लावला. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. सकाळ-संध्याकाळ ओवा आणि बाळंतशोपा यांची धुरी होई. बारसे थाटाने झाले. त्यानंतर पाचसहा दिवसांनी एके पहाटे कन्येचे डोके विलक्षण दुखू लागले, ओकारी आली, उठून उभी राहते तो भोवळ येऊन पडली. मूल निपचित होते. अंगावर घेतले तरी ओढीना. आक्का म्हणाल्या, दृष्ट लागली. आम्ही दोघांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासता तपासताच विचारले, "गुरुजी, खोलीत शेगडी होती काय?"

दोघांनाही प्राणवायू देण्यात आला आणि परमेश्वरकृपेने दोन्ही जीव वाचले. परंतु डॉक्टरांच्या त्या प्रश्नाने आम्ही जे खाली पाहिले ते आजही आठवते. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला म्हणजे ती का विझते, हे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना करून दाखवीत आलो होतो. आणि घरी पोटच्या मुलीवर तोच पेला उपडा घातला गेला तेव्हा, वडीलधाऱ्यांपुढे कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. दोष आक्कांचा नव्हे. जाणत असून न बोलणाऱ्या आमचा होय.

कोंडलेल्या जागेत कोळसा अपुऱ्या हवेत जळतो, आणि त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे लालबुंद झाले तरी तो निघतच असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. मग श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळत नाही. निजलेल्या माणसास तर जागही येत नाही.

येथे कोणी विचारील की, आमच्या आजीपणजीही शेगडीवरच शेकल्या, त्यांना का काही झाले नाही? प्रश्न रास्त आहे. त्या घरांना कौले होती. कौलांच्या फटींतून, वाशांमधून, दाराच्या चिरांतून हवा अहोरात्र खेळत असे. खिडकी लावली तरी घर श्वास घेत असे. तेथेही धुराचा त्रास होताच, पण पुष्कळसा वायू वर निघून जाई. आता डोक्यावर सिमेंटचा गिलावा आणि खिडकीस सरकत्या काचा आल्या. घर बदलले, रूढी मात्र तीच राहिली. पूर्वजांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांची रूढी त्यांच्या घराबरोबर होती, एवढेच सांगावयाचे आहे.

शेगडी नसली म्हणजे सर्व ठीक, असेही नव्हे. आपण एक साधे गणित करू. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. निजलेला प्रौढ माणूस तासाला अदमासे १२ ते १३ लिटर कर्बवायू श्वासातून बाहेर टाकतो. दोघे मिळून २५ लिटर. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण शेकडा ०.०४ च्या किंचित वर असते. खोली बंद असेल, तर एका तासात ते शेकडा ०.१३ च्या आसपास जाते. म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने सन १८५८ मध्येच राहत्या खोलीतील चांगल्या हवेची मर्यादा शेकडा ०.१ अशी ठरविली होती. म्हणजे रात्रीचा पहिला तास संपण्यापूर्वीच आपण ती ओलांडतो. एवढ्या प्रमाणात हा वायू विष नव्हे. परंतु तो साचला, याचा अर्थ श्वासातील बाष्प, घामाचा वास आणि घरात कोणास क्षय वा सर्दी-पडसे असेल तर त्याचे जंतूही साचले. सकाळी डोके जड होते, भिंतीस बुरशी येते, त्याचे एक कारण येथे आहे.

पंखा लावला म्हणजे हवा बदलत नाही. तीच हवा फिरते. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्रही बहुधा खोलीतीलच हवा थंड करून परत सोडते. डासांसाठी उदबत्तीसारखी वेटोळी लावून खिडकी बंद करणे तर सर्वांत वाईट. सन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघतात. आपण ज्या घरात विडीस मज्जाव करतो, त्याच घरात हे पाळण्याशेजारी जाळतो!

मग करावे काय? खर्चाचे काही नाही. हवेस आत येण्यास एक वाट आणि बाहेर जाण्यास दुसरी वाट हवी. खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि समोरचे दार किंवा त्यावरील झडप उघडी ठेवावी. ऊन हवा वर चढते, म्हणून छताजवळचा झरोका बुजवू नये. बाज वा पलंग वाऱ्याच्या सरळ वाटेत न ठेवता बाजूस घ्यावा. पावसाळ्यात ओले कपडे निजावयाच्या खोलीत वाळत घालू नयेत. खिडकी रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर हिवाळ्यात पहाटे धूळ-धूर खाली दाटलेला असतो, तेव्हा अंगणाकडील बाजू उघडावी आणि रस्त्याकडील बाजू दुपारी उघडावी. डासांसाठी मच्छरदाणी आणि खिडकीस जाळी हाच उपाय.

आणि बाळंतीण? तिला व बाळाला ऊब हवी, हे आक्कांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण ऊब अंगाला द्यावी, खोलीला नव्हे. बाळाला टोपडे, दुपटे आणि आईच्या छातीची ऊब द्यावी. आईला शेकायचे तर रबरी पिशवीत गरम पाणी घ्यावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सन १८५९ मध्ये लिहिलेल्या शुश्रूषेच्या ग्रंथात पहिलाच नियम असा घातला आहे की, रुग्णास गारठू न देता त्याच्याभोवतीची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी. ऊब आणि हवा यांचे वैर नाही.

शेवटी मंडळास एक नम्र विनंती. लग्नकार्यासाठी पातेली, सतरंज्या आणि समया मंडळाच्या भांडारातून आपण सभासदांस देतो. त्याच भांडारात दहा मच्छरदाण्या आणि दहा शेकाच्या पिशव्या ठेवाव्यात, आणि ज्या घरी बाळंतपण असेल तेथे त्या पोहोचत्या कराव्यात. पहिल्या दोहोंचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देऊ. आमचा नातू आता शाळेत जातो व स्वच्छ वाचतो. त्याच्या श्वासाचे मोल आम्हांस एकदा कळले आहे. ते अन्य कोणत्याही घरास तशा रीतीने कळू नये, एवढीच इच्छा आहे.