मुलाची शाळा, मुलीची शाळा

घरांत एक मुलगा व एक मुलगी आहे आणि इंग्रजी शाळेचा खर्च एकाच अपत्यापुरता झेपण्यासारखा आहे, अशा वेळीं आईबाप मुलाचीच निवड करतील, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दादरच्या मराठी कुटुंबांच्या एका पाहणीनें या समजुतीला चांगलाच धक्का दिला. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं सुमारें ४,९०० कुटुंबांकडून मुलांच्या शाळा, आईबापांचे व्यवसाय आणि मिळकत यांविषयीं वीस वर्षांची माहिती जमविली. त्यांचा निबंध २००६ सालीं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

त्याचा अर्थ नीट उमगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली आणि पुढें कोंकणांतून व घाटावरून माणसांची रीघ लागली. गांवाहून आलेल्या अनोळखी माणसाला काम कोण देणार? भरती जॉबरच्या हातीं असे, आणि जॉबर बहुधा आपल्या गांवचीं, जातीचीं, नात्यागोत्याचीं माणसें घेई. कारण त्यांच्या वर्तनाची हमी त्याला देतां येई. राहावयास गांवकऱ्यांची खोली, जेवावयास खाणावळ, आजारपणांत उसनवार आणि महिन्याकांठीं घरीं मनीऑर्डर, हा सारा व्यवहार अशाच परस्परविश्वासावर चाले. एका जातीचीं माणसें पिढ्यान् पिढ्या एकाच धंद्यांत टिकून राहिलीं तीं या आधारामुळें. मात्र हा आधार पुरुषांचा होता. स्त्रियांच्या वांट्याला त्यांतील फारसें कांहीं येत नसे.

पुढें काळ पालटला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हां सांवरल्या नाहींत. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली होऊं लागली आणि कचेऱ्यांतील नव्या नोकऱ्यांना इंग्रजीची गरज वाढली. २००० सालच्या सुमारास इंग्रजी शाळेंत शिकलेल्यांची मिळकत मराठी शाळेंत शिकलेल्यांहून, स्त्री व पुरुष या दोघांच्याहि बाबतींत, सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक असल्याचें आढळलें.

असें असतांहि कामकरी जातींतील मुलगे मोठ्या प्रमाणांत मराठी शाळांतच जात राहिले. त्याच जातींतील मुली मात्र झपाट्यानें इंग्रजी शाळांकडे वळल्या. मुलींवर आईबापांची माया अधिक होती, असा याचा अर्थ नव्हे. बापाच्या ओळखीनें मुलाला काम मिळण्याची आशा होती, आणि त्या कामाला इंग्रजीची जरुरी नव्हती. शिवाय एकजण बाहेर पडला कीं मागें राहिलेल्यांचा आधार तितका दुबळा होतो. म्हणून फुटून निघणाऱ्याला समाज सहजीं उत्तेजन देत नाहीं. मुलीला त्या आधारानें कधीं कांहीं दिलें नव्हतें. त्यामुळें तिला बांधून ठेवण्याजोगेंहि त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें. जी उपेक्षा तिच्या पूर्वजांतील स्त्रियांनीं सोसली, तीच नव्या काळांत तिची मोकळीक ठरली. इंग्रजी शाळेंत शिकलेल्यांमध्यें जातीबाहेर विवाह करण्याचें प्रमाणहि अधिक आढळलें. जुन्या बंधनाची गांठ नेमकी कोठें सैल होत होती, तें यावरून दिसतें.

या संशोधनावरून मराठी शाळा कमी प्रतीची, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. मोजली गेली ती बाजारांतील मिळकत. शिक्षणाची खोली अथवा भाषेची योग्यता नव्हे. आईबापहि अविचारी नव्हते. ज्या आधारानें आजोबांना उपाशी राहूं दिलें नाहीं, त्यावर नातवाचा भरंवसा ठेवणें हें शहाणपणाचेंच होतें. अडचण इतकीच कीं, शाळेची निवड मूल पांचसहा वर्षांचें असतांना होते आणि तिचें फळ पंधरावीस वर्षांनीं हातीं येतें. तोंवर धंद्याचें रूप पार बदललेलें असतें. एका घराची ही चूक त्या घरापुरती राहते. पण सगळ्या जातीचीं घरें एकाच दिशेनें चुकलीं, तर मिळकतीचें अंतर एका पिढीकडून दुसरीकडे वारशानें जातें.

म्हणून केवळ शाळा काढून भागत नाहीं. कामगाराच्या घराला आजारपणांत, बेकारींत जो आधार नात्यागोत्यानें दिला, तो दुसरीकडून मिळण्याची निश्चिति असेल, तरच बाप मुलाला ओळखीची वाट सोडूं देईल.